कुसुमला वेळ लागतो

"उद्या सकाळच्या बसनं कुसुमला तुझ्याकडं रोझ हिलला घेऊन जा," देवराज बहिणीला म्हणाला. "पाहुणे गेले की सांजच्याला परत आणून सोड."

विद्यावती मागच्या अंगणात लिचीच्या झाडाखाली बसून लिच्या सोलत होती. तिनं हातातली लिची पुरती सोलली, बी काढली, गर वाटीत टाकला आणि मगच वर पाहिलं. पंचवीस वर्षं शाळेत शिकवून तिला एक सवय जडली होती. राग आला की ती आधी हातातलं काम संपवायची.

"का?"

"का म्हंजे? तुला ठाव हाय की."

"मला ठाऊक आहे. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय, दादा."

देवराजनं मान फिरवली. स्वयंपाकघराच्या दारात त्याची धाकटी भावजय चंपा करंज्या लाटत होती. तिच्या लाटण्याचा आवाज थांबला नाही. पलीकडं धाकटा भाऊ गजेंद्र बाकाच्या हलत्या पायाला खिळा ठोकत होता. त्याचा हातोडा मात्र थांबला.

"पांपलमूसवरनं माणसं कुंतीला बघाय येतायत," देवराज म्हणाला. "कुसुमला बघितलं की पयला सवाल त्योच. ह्या घराण्यात असं कुठनं आलं? मंग माझी पोर राहिली बाजूला. एक दिवसाचाच तर सवाल हाय. कुणी मारतंय का तिला?"

आणि कुसुम तिथंच होती. आत्याच्या पायाशी फतकल मारून, सगळ्यांकडं पाठ करून, लिचीच्या बिया ओळीत मांडत बसली होती. नऊ वर्षांची, रंगानं उजळ, दोन घट्ट वेण्या. तिच्यासमोर बोलताना घरात कुणी आवाज लहान करत नसे. तिला काय कळतंय, असं सगळे धरून चालत, आणि सगळ्यांत जास्त देवराज.

देवराज मनाचा वाईट नव्हता. सें पिएरच्या साखर इस्टेटीवर तो सोळा वर्षं सरदार, म्हणजे तोडणीचा मुकादम, होता. शंभर माणसं त्याच्या हाताखाली ऊस तोडायची आणि त्यानं कधी कुणाची एका दिवसाची मजुरी खाल्ली नव्हती. पण घरात त्याला एकच घोर होता, कुंतीचा. गंगा, त्याची बायको, गेली तेव्हा कुंती अकरा वर्षांची होती. तिला वाढवलं ते चंपानं. तिला न्हाऊ घातलं, तिची पहिली साडी नेसवली, लोकरी कपड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा पहिले आठ दिवस बसथांब्यापर्यंत सोडायला गेली. त्याच चंपाच्या पोटच्या पोरीला तो आता घराबाहेर काढत होता, आणि हे त्याला कळत नव्हतं असंही नाही.

कुसुम अडीच वर्षांची झाली तेव्हा चालली. बोलली चौथ्या वर्षी. सहाव्या वर्षी झटके आले आणि डॉक्टरांनी शेजारच्या रेयुनियों बेटावर पाठवलं. तिथं मोठ्या यंत्रात घालून डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा जो जाड पट्टा प्रत्येक माणसाला असतो, तो या मुलीत बनलाच नव्हता. आईच्या पोटातच राहून गेला होता. कुणाची चूक नाही, असं डॉक्टर तीनदा म्हणाले, कारण चंपानं तीनदा विचारलं. पुढं काय, असं गजेंद्रनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अशी मुलं फार थोडी पाहिलीत आम्ही, आणि प्रत्येक वेगळं. ही काय शिकेल ते हीच तुम्हाला दाखवेल."

देवराजला मात्र जे दिसायचं ते दिसायचं. तिला गुंडी लावता येत नाही. रोजचा क्रम बदलला की स्वतःचं मनगट चावते. एकदा तव्याला हात लागला तर रडली नाही, नुसती हाताकडं बघत राहिली. आणि थट्टा कळत नाही. तीन वर्षांपूर्वी तो वैतागून म्हणाला होता, "जा, तळ्यात उडी मार." ती उठली आणि शांतपणे तळ्याच्या वाटेला लागली. उसातून धावत जाऊन त्यानं तिला काठावर धरलं आणि घरापर्यंत उचलून आणलं. तेव्हापासून तो तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. लोकांना वाटे, त्याला पोर नकोशी झाली. खरं तर त्याला स्वतःच्या जिभेची भीती वाटू लागली होती.

"दादा," विद्यावती म्हणाली, "तीन आठवडे मी हिला उद्याचा दिवस शिकवतेय. आधी गाडी येणार. मग नमस्कार. मग पाणी. मग पाहुणे बोलतील, आपण ऐकायचं. सगळा क्रम तिनं पाठ केलाय. आता आदल्या दिवशी तू म्हणतोस, ते सगळं पूस."

"मंग पूस की! पोरीच्या जन्माचा सवाल हाय."

"कुठल्या पोरीच्या?"

यावर गजेंद्र बोलला. तो पांपलमूसच्या बागेत माळी होता. हे स्थळ त्यानंच आणलेलं. "जाऊ दे, ताई. दादा म्हनतो तसं करू. मी पन तिकडं कुणाला सांगितलं न्हाय. कुणी इचारलंच न्हाय."

दोरीवरचे कपडे काढून आलेली कुंती दारात थबकली. "मो पा दाकोर!" ती बेटावरच्या क्रेओल बोलीतच ओरडली. "मला नाय पटत. काकी, तू का गप्प?"

चंपानं करंजीची कड दुमडली. "भाऊजी म्हणतात ते तुझ्या भल्यापायी हाय," ती म्हणाली. "तू आत जा." आवाज शांत होता, पण ती कड तिनं इतकी दाबली की करंजी फुटली आणि सारण बोटांवर आलं.

तेवढ्यात कुसुम वळली. "उद्या पाहुणे येणार नाहीत का?"

"येणार हायत," देवराज म्हणाला.

"मग मी का जायचं?"

"मी सांगतो म्हणून," देवराज म्हणाला.

कुसुमनं ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं. उजवं मनगट तोंडाकडं गेलं. विद्यावतीनं हलकेच ते धरलं आणि तिच्याबरोबर नवा क्रम म्हणायला लागली. आधी बस. मग रोझ हिल. मग आत्याचं घर.

*

पाहुणे दहाला यायचे होते. नऊ वाजता देवराज धुतलेल्या शर्टाच्या बाह्या खाली करत ओसरीवर आला तर राखाडी मोटार फाटकातून आत शिरत होती. त्याला आधी वाटलं, चूक झाली असेल कुणाची. मग मागचं दार उघडलं आणि हिरव्या साडीतल्या एक ठेंगण्या बाई उतरल्या. त्यांच्या हातात कुसुमचा हात होता. मागून विद्यावती उतरली. तिनं भावाकडं पाहून फक्त खांदे उडवले.

"सरदारांचं घर कुठं, म्हणून बसथांब्यावर इचारलं," बाई म्हणाल्या. त्या मुलाच्या आई, चंद्रावतीबाई. "तर ह्या पोरीनं कशी वाट सांगितली! किती इजेचे खांब, कुठं वळायचं, फाटकाचा रंग कसला. मी म्हटलं, तू कुणाची? म्हणाली, गजेंद्रची. मग चल की गाडीत! तर म्हणाली, नको, मला रोझ हिलला जायचंय. पाहुण्यांनी मला बघायचं नाहीये. मीच बसवलं दोघींना!"

गाडीतून उतरलेला मुलगा, चंद्रमोहन, बुटांकडं बघत राहिला. त्याचे वडील जयदेव डोक्यावरची टोपी नीट करत म्हणाले, "लवकर आलो. पुतण्याची गाडी हाय, त्याला लवकर परत द्यायचीय."

"या, या," देवराज म्हणाला. आपलाच आवाज त्याला परका वाटला. "पोरीला जरा ताप हाय, म्हणून म्हटलं…"

"मला ताप नाही," कुसुम म्हणाली.

ती उद्धटपणे म्हणाली नाही. चूक दुरुस्त करावी तशी म्हणाली.

पाहुणे आत बसले. चंपा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहिली, गजेंद्र भिंतीला टेकून. कुंती निळ्या साडीत येऊन बसली. तिनं बसण्याआधी कुसुमच्या वेणीवरून हात फिरवला, तो सगळ्यांनी पाहिला. तेवढ्यात कुसुमनं आत्याकडं वळून विचारलं, "गाडी आली. आता पहिला क्रम की दुसरा?"

विद्यावतीचा चेहरा उजळला. "पहिला."

कुसुमनं हात जोडले. दोन्ही तळवे नीट समोरासमोर यायला तिला दोन प्रयत्न लागले. मग ती उंबरा ओलांडून आत गेली आणि पाण्याचा पेला घेऊन आली. एकच पेला. उजव्या हातात पेला, डावा हात पोटाशी घट्ट दाबलेला, आणि ओठ हलत होते. "धरलं. बघितलं. चाललं. थांबलं. दिलं." जयदेवांनी पेला घेतला. ती परत गेली, दुसरा आणला. परत गेली. तिसरा.

"थाळीत घालून आण की, बाळ," चंद्रावतीबाई हसून म्हणाल्या.

"थाळीला दोन हात लागतात," कुसुम म्हणाली. "माझे दोन हात अजून एकमेकांचं ऐकत नाहीत. आत्या म्हणते, पुढच्या वर्षी."

एवढं बोलून ती चौथ्या पेल्याला गेली. खोलीत सगळे तिची वाट बघत होते. देवराज हे आज पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघत होता. आजवर त्याला वाटायचं, पोर सावकाश करते. सावकाश करणारी माणसं त्यानं खूप पाहिली होती. आळसानं, आजारानं, धन्याला फसवण्यासाठी. हे तसलं नव्हतं. तिच्या कपाळावर घाम होता. पहिल्याच मोसमात उसाच्या सरीला लावलेल्या, हाताला फोड आलेल्या बाईच्या कपाळावर असतो तसला. जी सरी सोडून जात नाही आणि दुपारी न बोलता पुन्हा उभी राहते, तसल्या बाईच्या. माणसाचं काम ओळखण्यात देवराजची चाळीस वर्षं गेली होती, आणि आपल्याच घरातलं त्यानं ओळखलं नव्हतं.

"किती दिवस लागले हिला शिकायला?" चंद्रमोहननं विचारलं. त्याला मराठी समजायची, पण विचारलं क्रेओलमध्ये.

विद्यावतीनं मराठीतच उत्तर दिलं. "पाच महिने. आधी रिकामा पेला. मग अर्धा. मग बोलत बोलत चालणं. तोंडानं म्हटलं की तिचं अंग ऐकतं, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. पाढेही तशीच शिकली. एकदा शिकली की विसरत नाही. तिच्याशी घरात आम्ही एकच भाषा बोलतो, म्हणून तिची मराठी आपल्या सगळ्यांपेक्षा शुद्ध आहे. चेहरे वाचता येत नाहीत तिला. हसणं खोटं की खरं, कळत नाही. म्हणून मी वर्तमानपत्रातले चेहरे कापून वहीत चिकटवलेत. आम्ही दर शनिवारी चेहरे वाचतो."

"पण हाय काय हिला?" जयदेव म्हणाले. ते टपाल खात्यात होते. पत्ता नीट नसलेलं पाकीट हातात आल्यासारखा त्यांचा स्वर होता.

मोठ्यांपैकी कुणी तोंड उघडायच्या आत कुसुमनंच सांगितलं. ती जयदेवांसमोर उभी राहिली, थोडी जास्तच जवळ.

"मेंदूचे दोन भाग असतात. सगळ्यांचे. तुमचेपण. तुमचे दोन भाग एकमेकांशी बोलतात. माझ्या भागांमधली वाट तयारच झाली नाही, म्हणून त्यांना लांबून जावं लागतं. म्हणून मला वेळ लागतो."

चंद्रावतीबाईंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. जयदेव मात्र देवराजकडं वळले. "रागावू नका, सरदार. पण लेकाचं लग्न हाय, इचारलं पायजे. हे घराण्यात हाय का? का," त्यांनी उंबऱ्याकडं पाहिलं, "आईकडनं आलंय?"

देवराजला कळलं की त्या माणसानं त्याच्या हातात दोर दिलाय. एक 'हो' म्हटलं की झालं. चंपा परक्या घरची. कुंतीच्या अंगात तिचं रक्त नाही. डाग चंपाच्या माहेरी जाईल आणि त्याची पोर सुटेल. गजेंद्रलाही ते कळलं, कारण त्यानं डोळे मिटून घेतले. दहा वर्षं दुसऱ्याची लेक आपली म्हणून वाढवणारी चंपा आता ऐकायला तयार होऊन उभी होती.

"थोरले काका," कुसुम म्हणाली. ती आता त्याच्याकडं बघत होती, डोकं एका बाजूला कलवून, वहीतला चेहरा वाचावा तशी. "तुमचं तोंड 'या, या' म्हणालं. पण भुवया खाली आहेत आणि डोळे मोठे आहेत. हा रागाचा चेहरा की भीतीचा? मला हे दोन ओळखू येत नाहीत."

"भीतीचा," देवराज म्हणाला.

"बरं," कुसुम म्हणाली, आणि विद्यावतीला सांगितलं, "आत्या, भीतीचा."

देवराज पाहुण्यांकडं वळला. "जयदेवराव, ताप हाय म्हणालो ते खोटं. हिला रोझ हिलला धाडत होतो ते मी. घरात कुणाला नको होतं, मीच सांगितलं. आन् हे आईकडनं आलं न्हाय. कुणाकडनं आलं ते डॉक्टरला पन ठाव न्हाय. बहुतेक घराण्यात चालत न्हाय म्हणाले, पन लिहून द्यायला त्ये तयार न्हाईत. तवा माझ्या घरचं हाय असंच धरा. पोर माझ्या घरची हाय."

चंपा वळून आत गेली. आतून भांड्याचा आवाज आला, तो उगीचच काढलेला होता.

मग कुंती बोलली, सरळ चंद्रमोहनकडं बघत. "मला एवढंच सांगायचंय. मी कुठंही गेले तरी ही सुट्टीत माझ्याकडे येणार. ती आली की घरात सगळं हळू होतं. जमेल का?"

चंद्रमोहनच्या कानांपर्यंत लाली चढली. "मी पण सावकाशच आहे," तो पहिल्यांदा मराठीत म्हणाला, "आईला विचारा."

व्हॅनिला घातलेला चहा झाला, करंज्या झाल्या. जयदेव 'कळवतो' म्हणाले आणि राखाडी मोटार निघून गेली.

*

बुधवारी गजेंद्र पांपलमूसहून कामावरून आला तो आत न येता ओसरीवरच बसला.

"होकार हाय, दादा. पोरगी पसंत हाय. जयदेवरावांनी बागेत गाठलं मला." त्यानं टाचेनं माती उकरली. "फकस्त म्हणाले, लग्नात कुसुमला मांडवात फुडं आणू नका. त्यांचे लोक लई येणार, बोलाय नको. मी हो म्हणालो."

"तू हो म्हणालास?"

"तू येवढं केलंस आमच्यासाठी. रयवारी सगळ्यांसमोर माझ्या बायकोची अब्रू राखलीस. मी येवढं करू नये? एक दिवसाचाच तर सवाल हाय."

स्वतःचेच शब्द भावाच्या तोंडून ऐकताना देवराजला ते चावून टाकावेसे वाटले. धाकटा भाऊ आयुष्यभर त्याला हो म्हणत आला होता. आज कळलं, ते 'हो' कसं घडलं होतं. तो उठला, आत गेला, कुंतीला सांगितलं. कुंतीनं ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "मग लग्न नको. बाबा, तुम्ही सांगाल की मी पत्र लिहू?"

"मी सांगतो," देवराज म्हणाला.

रविवारी सकाळी त्यानं चंपाला कुसुमचा झालरीचा फ्रॉक काढायला सांगितलं. चंपानं न विचारता काढला. पाच गुंड्या होत्या. चंपाचा हात पुढं आला तेव्हा देवराज म्हणाला, "ऱ्हाऊ दे, तिलाच लावू दे." पहिल्या गुंडीला कुसुमनं डाव्या हातानं काज धरलं, उजव्यानं गुंडी शोधली, मग उजवा हात काय करत होता ते डावा विसरला. ती पुन्हा पहिल्यापासून बोलू लागली. तिसऱ्या गुंडीला पांपलमूसची बस रस्त्यावरून हॉर्न देत गेली. आयुष्यात कधी बस न चुकवणारा देवराज ओसरीच्या पायरीवर बसून राहिला. पाचवी गुंडी लागली तेव्हा त्याच्या तोंडातून आपसूक "शाब्बास" निघालं, आणि ते त्यानं सरीच्या टोकाला पोचलेल्या माणसाला म्हणावं तसं म्हटलं, लहान पोराला म्हणतात तसं नाही.

पुढच्या बसनं ते गेले. जयदेवांच्या घरी दार चंद्रावतीबाईंनी उघडलं. कुसुमला बघून त्यांनी तिला आधी जवळ घेतलं, मग देवराजला बसा म्हणाल्या.

"बसत न्हाय," तो म्हणाला. जयदेव आतून आले, मागे चंद्रमोहन. "जयदेवराव, तुमची अट मला मान्य न्हाय. तुमच्यावर रागवायला मला तोंड न्हाय, कारण आठ दिवसांमागं मी पन तेच बोललो व्हतो, ह्याच शब्दांत. पन आता माझ्यानं हुणार न्हाय. कुंतीचं लग्न लागंल तिथं ही पैल्या रांगेत असंल. न्हायतर आपला राम राम."

"कसली अट?" चंद्रावतीबाईंनी विचारलं.

जयदेवांनी नजर खाली वळवली. त्यांच्या बायकोनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा मुलाकडं. त्यालाही काही माहीत नव्हतं, हे त्याच्या उघड्या तोंडावरून दिसत होतं.

"पापा, तुम्ही मला विचारलं नाही?" तो म्हणाला.

"लोक बोलतात," जयदेव हळूच म्हणाले. "तुमाला ठाव न्हाय. माझ्या धाकट्या बहिणीला फेफरं होतं. तिच्यापायी आमच्या दोन बहिणींची लग्नं मोडली. बा तिला मागच्या खोलीत ठेवायचा. ती तिथंच गेली. मला वाटलं, बोलणं टळलं की सगळं टळतं."

तीस वर्षांच्या संसारात चंद्रावतीबाईंनी हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"काय नाव होतं तिचं?" कुसुमनं विचारलं.

जयदेवांना उत्तर द्यायला बराच वेळ लागला. कुसुम वाट बघत उभी राहिली. वाट बघणं तिला चांगलं येत होतं. "कुणी इचारलंच न्हाय इतकी वर्षं," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांनी बहिणीचं नाव घेतलं, "लक्षुमी." मग ते खुर्चीत बसले आणि देवराजला म्हणाले, "बसा, सरदार. उभ्या उभ्या तारीख ठरत न्हाय."

*

लग्न पुढच्या वर्षी मे महिन्यात लागलं, सें पिएरला, इस्टेटीच्या मैदानावरच्या मांडवात. ऊसतोडणी सुरू व्हायला महिना होता म्हणून सगळा गाव मोकळा होता. पांपलमूसहून दोन बसगाड्या भरून माणसं आली. ती बोलायची ती बोललीच. चंपाच्या कानावर दोन वाक्यं आली, तिनं ती तिथंच सोडून दिली. विद्यावतीनं आठ दिवस आधीपासून कुसुमला दिवसाचा क्रम पाठ करून घेतला होता, पण बाजाच्या आवाजानं ती एकदा मनगट चावायला लागलीच. तेव्हा गजेंद्र कुणाला न विचारता उठला. हातातली पाहुण्यांच्या माळांची टोपली त्यानं देवराजच्या हातात दिली, "हे तू बघ, दादा" म्हणाला, आणि लेकीला घेऊन उसाच्या कडेनं एक फेरी मारून आला. देवराजला एवढं ठाम बोललेला भाऊ आठवेना. तो गुमान माळा वाटत राहिला.

मंगलाष्टकं सुरू झाली. कुसुम पहिल्या रांगेत होती, मुठीत अक्षता. 'सावधान' झालं की टाकायच्या, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. पण मूठ उघडायची, हात वर न्यायचा आणि नेम धरायचा, हे तिन्ही तिला एकामागून एक करावं लागे. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षतांचा पाऊस पडला, बाजा वाजणार म्हणून वाजंत्र्यानं गाल फुगवले. कुसुमचे ओठ अजून हलत होते. "उघडली. वर नेली."

अंतरपाटाच्या बाजूला उभ्या असलेल्या जयदेवांनी हात वर केला.

"थांबा, महाराज," ते पुरोहिताला म्हणाले, मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा टपालखात्याच्या आवाजात. "अजून एक अक्षता यायची हाय."

वाजंत्र्यानं गालातली हवा सोडली. तीनशे माणसं थांबली. कुंतीनं मान खाली घातली होती, पण ती हसत होती हे देवराजला तिच्या खांद्यांवरून दिसत होतं. कुसुमनं नेम धरला, हात मागं नेला आणि अक्षता टाकल्या. एकही दाणा नवरानवरीवर पडला नाही. सगळ्या गेल्या त्या जयदेवांच्या कोऱ्या टोपीवर. आणि त्यांनी त्या झटकल्या नाहीत. पंगत उठेपर्यंत ते तशीच टोपी घालून, दाणे सांडू नयेत म्हणून मान ताठ धरून, मांडवभर फिरत राहिले.